आईची मुलाखत

प्रिय दादूस,

तुझ्या निमेशच्या बीएमएसच्या प्रोजेक्टमधली आईची मुलाखत वाचून तू जहाजावर रडलास, असं वहिनी म्हणाली. मी त्याच्याच कॉलेजात शिकवते, त्यामुळे मलाही वाचावी लागली.

त्यात आपली आई म्हणते, "ग्राहकांचे समाधान हेच माझे ध्येय आहे." आपली आई! वेसाव्याच्या बाजारात सुरमईचा भाव पाडणाऱ्या बाईला "जा, भेंडी खा" म्हणून हाकलणारी.

निमेशला हा प्रोजेक्ट मिळाला त्याच्या कितीतरी आधी ती गेली होती. मी त्याला धरलं, तर म्हणतो, "आत्या, सगळेच एआयकडून लिहून घेतात. सरांना एक खरं नाव हवं होतं, म्हणून आजीचं टाकलं. ती थोडीच तक्रार करणार आहे?"

मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, याला धरलं तर अख्खा वर्ग धरावा लागेल. मग पुढच्या वर्षी प्रवेश कोण घेणार?" आणि त्यांनी प्रोजेक्टला पहिलं बक्षीस दिलं.

तुला हे कळवायला बसले, तेवढ्यात तुझाच फोन. "आईच्या मयताला मी पोचलो नाही गं. पण पोराने तिचं शेवटचं बोलणं जपलं. वर्षश्राद्धाला तेच वाच, तुझा आवाज आईसारखा आहे."

मी हो म्हटलं. हे पत्र पाठवलं तर तुझ्याकडे आईचं काहीच उरणार नाही.

आता मी सराव करतेय. पण तिच्या आवाजात 'ग्राहकांचे समाधान' म्हटलं की पुढे शिवीच येते.

तुझी,
कल्पिता