आत्याचं दूध, सुनंदाची टिकली

१२ जानेवारी
सुनंदा, मी नि मुक्ता नगरला, त्वचेच्या डॉक्टरांकडे. लेकीच्या कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग, आता भुवईकडे सरकलेला. कोड. घरात हा शब्द जिभेवर येत नाही, म्हणून मी श्वित्र म्हणतो. संस्कृतात लाज कमी वाटते असा समज.
डॉक्टर म्हणाले, सुरुवात टिकलीच्या गोंदाने झाली असेल. पण टिकली सगळ्याच लावतात. शरीर आपल्याच रंगपेशींवर उठतं, तो कल बऱ्याचदा घराण्यातून येतो. "घरात कुणाला आहे?"
"नाही." फार पटकन म्हणालो.
सुनंदाने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणजे कळलं.

१४ जाने.
संक्रांत. हळदीकुंकवाला आलेल्या पारूबाई सुनंदाला, "सवस्तातल्या टिकल्या आनल्या असत्यान वैनी. लेकराच्या कपाळाचं वाटुळं झालं बगा." सुनंदाने तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. मी पलीकडे पेपर वाचत. बातमी मीच वार्ताहर म्हणून धाडलेली, दोनदा वाचली.
रात्री नवी बातमी धाडली : टिकली लावताना सावधान. रोगाला बीज नि क्षेत्र, म्हणजे घराणं नि बाहेरचं निमित्त, दोन्ही लागतात, हे जन्मभर घोकलेलं. बातमीत क्षेत्र तेवढं ठेवलं. बीज आमच्या घरचं.

१५ जाने.
खर्ड्याच्या कुसुमआत्याचे हात मनगटापर्यंत पांढरे. लहानपणी उकळतं दूध सांडलं, असं आमच्याकडे सांगतात. आज मुक्ता : "बाबा, दूध दोन्ही हातांवर एकाच मापाने कसं सांडलं हो?"
रविवारी तिला पाहायला पारनेरकडचे येणार. म्हटलं, डागाचं विचारलं तर टिकलीचं सांग.
"आणि आत्याआजी?"
"तिला दगदग नको. उद्या खर्ड्याला जाऊन सांगतो, येऊ नको म्हणून."
"ते सांगायला तुम्ही एवढी दगदग करणार?"
करणार.

१६ जाने.
खर्डा. आत्याने जन्मभर शाळेत शिकवलं, उन्हाळ्यातही लांब बाह्या. गुळपोळी वाढली. 'रविवारी तू...' एवढंच म्हणालो, पुढचं पोळीबरोबर गिळलं. तिला पोचलं.
"दूधबिध काही नव्हतं रे. मला पाहायला येणार होते, तेव्हा तुझ्या आजोबांनी ठरवलं दूध. आले, चहा पिऊन गेले." मग, "पोरीला काय दिलंस?"
"टिकली."
"दुधाचा दोष कुणावर नव्हता. टिकलीचा सुनंदावर."
तूप हवं का विचारलं. नको म्हणालो. तरी वाढलं.
एस.टी.त खिडकीची जागा मिळाली. बाहेर पाहवेना.

१७ जाने.
संध्याकाळी मुक्ता स्टँडवरून आत्याला घेऊन आली. "मी बोलावलं." बस्स.
आत्याच्या ब्लाउजला आखूड बाह्या. तिची कोपरं मी आज पहिल्यांदा पाहिली. तीही पांढरी.
सुनंदाने वाकून नमस्कार केला. माझ्याशी संक्रांतीपासून बोललेली नाही.

१८ जाने., रविवार
पोहे झाले. मुक्ताने डागावर काही लावलेलं नाही. आत्या आत शेंगा सोलते आहे, मुद्दाम काही करत नसल्यासारखी. डॉक्टरांना फोन करायचा राहिला, तिथे अजून 'नाही'च
सुनंदा दारात. चार दिवसांतलं पहिलं वाक्य : "आत्यांना बाहेर बसवू की आत?"
लिहितोय असं दाखवतो आहे. गाडी आली वाटतं. सुनंदा उत्तरासाठी अजून दारात उभीच आहे