बसून न येणारी विद्या

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी परवा एका शाळेच्या ऑफिसात तुमची फार गरज पडली. शाळा बेंगळुरूची, बेळ्ळंदूरची. आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर अर्धं शहर रोज गाड्यांत ढिम्म बसून असतं. बसणं जमत नाही ते फक्त माझ्या मुलीला. चौथीत आहे. बाकावर बसवली की साताचा पाढा विसरते आणि येरझारा घालायला लागली की सतराचा घडाघडा म्हणते. डॉक्टरबाईंनी पुष्कळ तपासून लिहून दिलं, हालचाल करू दिली तर हिचं लक्ष लागतं. माझ्या बाबतीत हेच निदान तुम्ही पोळी लाटता लाटता केलं होतंत, आणि फी म्हणून माझ्याकडून कोथिंबीर निवडून घेतली होतीत.

ते बेळगावचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तव्यावर पोळी फुगतेय आणि मी पाटावर बसून संस्कृतची शब्दरूपं म्हणतोय. म्हणजे म्हणत नाहीय, पाटाचा खिळा उपटतोय. तुम्ही लाटणं थांबवता. ‘ऊठ! तुझी अक्कल पायांत आहे. तिच्यावर मांडी घालून बसलास तर ती वर कशी येणार?’ मी उठतो. ओट्यापाशी प्रथमा, फडताळापाशी तृतीया, चतुर्थीला पाण्याच्या पिंपाशी डावीकडे वळायचं, आणि संबोधनाला परत तुमच्यासमोर, ‘हे राम!’ तुम्हीही कपाळाला पिठाचा हात लावून तेच म्हणायचात. अपमान व्हायचा तो झाला, पण रूपं पाठ झाली.

तर शाळेचं म्हणणं असं, की सगळी मुलं बसतात, हिलाही बसता आलं पाहिजे. नाहीतर पुढच्या महिन्यापासून तिला एकटीला वेगळ्या खोलीत शिकवू. जेवताना मुलीनं विचारलं, ‘बाबा, माझ्या मैत्रिणी येणार त्या खोलीत?’ नाही म्हटल्यावर तिनं ताट सरकवलं. जरा वेळानं म्हणाली, ‘मग तुम्ही जाऊन भांडा. पण संस्कृतात नको.’

गेलो. बरोबर बायको, कारण मी भरकटतो, आणि ती पुण्याची असल्यामुळे मला वेळेवर थांबवते. समोर मुख्याध्यापिका, कन्नड, आवाजानं गोड, मतांनी पक्क्या. मी खुर्चीत बसून सुरुवात केली, ‘प्राचीन काळी गुरुकुलात...’ टेबलाखालून बायकोचा पाय लागला. आणि पुढचं काही आठवेना. आदल्या दिवशी घरभर फिरत रचलेलं सगळं भाषण त्या खुर्चीनं गिळलं होतं. पंखा फिरतोय, मॅडम वाट बघतायत, आणि मी टेबलावरच्या पेपरवेटशी खेळतोय. शेवटी बायको म्हणाली, ‘अहो, उठा. प्लीज. तुमचं बसून होणार नाहीये.’

उठलो. कपाटापासून खिडकीपर्यंत गेलो आणि वाचा फुटली. तिला वर्गातून काढू नका. मागच्या भिंतीशी एक उंच टेबल द्या, उभ्यानं लिहू द्या, उत्तरं सांगताना चालू द्या, महिनाभर बघा तरी. मॅडमची मान माझ्याबरोबर डावी-उजवी होत होती. ‘सर, स्वल्प कूत्कोळ्ळि,’ जरा बसा हो, त्या म्हणाल्या.

‘बसलो तर विसरेन, मॅडम,’ मी कन्नडमध्येच सांगून गेलो. हे वाक्य भाषणात नव्हतं.

त्यांनी बायकोला विचारलं, ‘घरी दोघंही असेच?’

‘दोघंही. बसणारी मी एकटी.’

मॅडम हसल्या. ‘सरी, ठीक आहे. तिथेच राहू दे तिला. टेबल देते. पण चालता चालता दुसऱ्यांच्या डब्यांत बघायचं नाही म्हणावं.’

टेबल आलं. आता वर्गातल्या निम्म्या मुलांना तसंच टेबल हवंय, आणि मॅडम त्याचा दोष मला देतात. मुलगी मैत्रिणींतच आहे, आणि डब्यांत बघते.

हे पत्र काही पाठवत नाही, लाल खुणा करून परत पाठवाल. ओट्याशी उभा राहून लिहितोय, म्हणून अक्षर हललंय. आणि एक कबूल करतो, बाई. माझं संस्कृत अजून तुमच्याच स्वयंपाकघराच्या मापाचं आहे. मुलीला रूपं शिकवताना चतुर्थी आली की मी डावीकडे वळतो. इथे डावीकडे फ्रिज आहे. काल माझ्यामागून येणारी मुलगीही त्याच्यावर आपटली. चतुर्थी मात्र चुकली नाही.