ओवीचा चौथा चरण

छोटे,

तुला उठवलं नाही म्हणून रागावू नकोस. इस्पितळातून फोन आला, आईचा श्वास जड झालाय, म्हणून मी पुढे जातेय. मामालाही बोलावून घेतलंय. दूध तापवून ठेवलंय, ते पिऊन निघ.

कॉलेजच्या कवितास्पर्धेची आज शेवटची तारीख आहे, तेव्हा आधी कविता देऊन ये. हे माझं नाही, आईचं सांगणं आहे. काल संध्याकाळी मी तिला तुझी कविता वाचून दाखवली. डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "ओवी लिहिलीये ना तिने? मग पहिल्या तीन चरणांना यमक हवं आणि चौथा आखूड. हिचा चौथा लांबतच चाललाय."

मी म्हटलं, "मग मुक्तछंद म्हणून देऊ दे का?"

"नको. मी घरी परत येणार, हे त्यात घालायचंय म्हणून ती ओळ ओढत बसलीये. तेवढं काढायला सांग, ओवी आपोआप बसेल."

माझ्याच्याने ते खोडवलं नाही. खोडायचं की ठेवायचं, तुझं तू ठरव. ठेवलंस तर बक्षीस मिळणार नाही, पण मी तुला काही म्हणणार नाही.

कविता दिलीस की तडक इकडे ये, मैत्रिणींशी बोलत थांबू नकोस. किल्ली शेजारच्या काकूंकडे दे. आईला घेऊन आपण पोचायच्या आधी माणसं घरी जमली, तर दार उघडायला कुणीतरी हवं.

ताई