मानेवरचा हात

सोलापूर, ८ डिसेंबर २०२४

ती. अक्कास भीमाशंकरचा शरणार्थ. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, हे एका परीनं बरंच. ही गोष्ट मला तोंडानं सांगता आली नसती.

दिवाळीनंतर माझी मान आखडली. उजवा खांदा दगडासारखा. मागं बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागे. गोळ्या झाल्या, शेक झाला. सूनबाई शिवलीला शिबिरात अ‍ॅक्युप्रेशर शिकून आली आहे, ती मागंच लागली. सुनेनं सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा, हे मनाला पटेना. विरेश म्हणाला, बाबा, डॉक्टरीण असती तर तुम्ही नको म्हणाला असता का? शेवटी अंगात सदरा ठेवून खुर्चीत बसलो.

तिनं कवटीखालच्या दोन खळग्यांत अंगठे ठेवले, मग खांद्याच्या मधोमध दाबलं. आधी कळ डोक्यात गेली, नंतर सगळं सैल पडलं. डोळे कधी मिटले कळलं नाही. आणि माझ्या तोंडून निघालं, "मल्लव्वा, जरा खाली."

अक्का, तुझी भावजय जाऊन चार वर्षं झाली. समोर विरेश बसला होता. सुनेचा हात थांबला, मग जरा खाली सरकला. तेव्हापासून मी तिच्यासमोर जात नाही, ताट खोलीत मागवतो. काही दिवस दुधनीला येऊ का? बॅग भरून ठेवली आहे.

तुझा,
भीमा

सोलापूर, १२ डिसेंबर

ती. आत्याबाईंना शिवलीलाचा नमस्कार.

मामा तुमच्याकडे निघालेत. कारण विचारलं तर सांगत नाहीत. माझंच चुकलं असणार. त्यांनी सासूबाईंना हाक मारली तेव्हा मला बरं वाटलं होतं, हात बरोबर पडला असं वाटलं. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलेलं दिसलं. म्हाताऱ्या माणसाला जोर लावू नका, असं शिबिरात बजावलं होतं. मी जास्तच दाबलं असेल. थोडंसं शिकून मोठ्या माणसाला दुखवलं, याची फार लाज वाटते. आता कुणाला हात लावत नाही. ऑफिसात कॉम्प्युटरपुढं बसून माझीच मान धरते, पण आपली आपल्याला नीट दाबता येत नाही.

त्यांना समजवाल ना? माया असू द्यावी.

आपली,
शिवलीला

दुधनी, १७ डिसेंबर

चि. भीमास आशीर्वाद.

तू हितं येऊ नको. पाहुणा म्हणून कवाबी ये, तोंड लपवायला न्हाय. नवऱ्यानं बायकोचं नाव घेतलं, त्यात चोरी कसली? तिकडं ती पोरगी आपणच दुखवलं म्हणून झुरतीया, अन् तू खोलीत बसून जेवतोस. लाज वाटायचीच तर त्याची वाटू दे. तिचीबी मान धरती, ठाव हाय का तुला? एका घरात राहून तुला न्हाय, मला कागदावरनं कळलं.

तिला जाऊन सांग. मग सगळी मिळून हुरड्याला या.

तुझी अक्का,
सिद्धेश्वरी

सोलापूर, २८ डिसेंबर

ती. अक्कास शरणार्थ.

तुझं पत्र वाचून मान आणखीच खाली गेली. दोन दिवस धीर होईना. मग सून ऑफिसातून आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "शिवलीला, तू दुखवलं नव्हतंस. लई दिवसांनी कुणीतरी खांद्यावर हात ठेवला, म्हणून रडू आलं."

तिनं पाठमोरीच गॅस बारीक केला. मग म्हणाली, "उद्या बसाल ना, मामा?"

मी म्हणालो, "बसतो, पण आधी तुझी मान." विरेशला हाक मारली आणि तिला सांगितलं, खळगे कुठं ते नवऱ्याला दाखव. बापासमोर बायकोच्या मानेला हात लावायचा, तर आपला विरेश कानापर्यंत लाल. अंगठे भलतीकडेच ठेवले. तिनं त्याचे हात धरून जागेवर नेले.

मी चप्पल घातली आणि काही घ्यायचं नसताना कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. सावकाश परतलो.

हुरड्याला तिघंही येतो. रागावत राहा, अंतर देऊ नको.

तुझा,
भीमा