ढब्बूचं हवेत खाजवणं

३ तारीख, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून शिस्त. २३ला बागेत कुत्र्यांची स्पर्धा आहे. 'सर्वांत आज्ञाधारक'चा कप ढब्बूलाच मिळणार. बायकोच्या लाडाचा तो मऊ छातीपट्टा बाद. गळ्यात रुंद चामडी पट्टा चढवला. तीस वर्षं कारखान्यात सुटे भाग तपासले, केसाएवढा तडा नजरेतून सुटला नाही. हे तर वीतभर कुत्रं.

सकाळी ६.४०
फाटकाबाहेर दहा पावलं. खाली बसला आणि मागच्या पायाने मान खाजवायला लागला. पिसवा. निदानाला दोन सेकंद लागले.

५ तारीख
पिसवांचा शाम्पू, दोनदा. अर्धा माझ्याच डोळ्यांत. बायको म्हणाली, एकही पिसू निघाली नाही. म्हटलं, चपळ जात असणार.

८ तारीख
खाजवणं चालूच, आणि पट्टा लावला की जास्त. बायको म्हणते, त्याचा पाय मानेला लागतच नाही, नुसता हवेत फिरतो. म्हटलं, तपासणी खात्यात कोण होतं, तू की मी? जातच बुटकी, पाय पोचत नाही, एवढंच. ती आता त्याचं मोबाइलवर शूटिंग करत बसते. रिकामटेकडे उद्योग.

११ तारीख
अंतिम निदान: नाटक. कारखान्यातही असे नग होते, साहेब दिसला की कंबर धरणारे. त्यांच्याशी बोलायचो तसंच याच्याशी बोलायचं ठरवलं.

१४ तारीख
उचलायला गेलो तर असा किंचाळला की समोरच्या तीन खिडक्या उघडल्या. सगळे माझ्याकडे कसायाकडे बघावं तसे बघत होते. मी फक्त काखेत हात घातला होता.
बायको म्हणाली, आठवडा झाला, हा सोफ्यावर उडी मारत नाही. म्हटलं, बघ, लागली ना शिस्त? वर्षभर कानीकपाळी ओरडत होतो.

१७ तारीख
बायको डॉक्टरकडे चला म्हणते. म्हटलं, स्पर्धा होऊ दे. तिने अबोला धरला. घरात दोघांचीही नाटकं.

२३ तारीख
स्पर्धा. पाचव्या पावलाला खाजवणं सुरू. मी पट्ट्याला हलकासा हिसका दिला. हलकासाच. ढब्बू किंचाळून आडवा पडला. परीक्षक बाई जनावरांच्या डॉक्टर निघाल्या. धावत आल्या, सगळ्यांदेखत पट्टा काढला, आणि उद्या दवाखान्यात आणा म्हणाल्या. कप एका पांढऱ्या झिपऱ्या कुत्र्याला. परीक्षणात पक्षपात.

२४ तारीख, दुपारी
डॉक्टरांनी समजावून सांगितलं. अशा काही छोट्या जातींत कवटी लहान पडते, मेंदूला जागा पुरत नाही, आणि मग पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पाणी साठतं. खाज नसतेच. पट्टा मानेला लागला की कळ उठते, आणि पाय आपोआप हवेत चालतो. ते हवेतलं खाजवणं हीच मुख्य खूण. स्कॅन करून खात्री करू, पण लक्षणं तीच आहेत, असं म्हणाल्या. हे आधी कुणाच्या लक्षात आलं, असंही विचारलं.
बायकोने मोबाइल पुढे केला. नऊ व्हिडिओ. डॉक्टरांनी सगळे बघितले. नऊच्या नऊ व्हिडिओंत पाय हवेतच फिरत होता. आणि बहुतेकांत मागून एक माणूस ओरडत होता, नाटकं बंद कर, ऊठ.
डॉक्टरांनी विचारलं, हे कोण?
मी म्हटलं, शेजारी.
बायको भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिली. डॉक्टर म्हणाल्या, मग त्यांना सांगा, कुत्र्यापासून लांब राहा.
मी म्हटलं, सांगतो त्यांना.

संध्याकाळी ६
गोळी बायकोने दिली. ढब्बू तिच्या पायाशी झोपलाय. मी दुसऱ्या खोलीत बसून हे लिहितोय. लाज वाटते. त्याला तीन आठवडे खरंच दुखत होतं.