आजोबांचा डावा कान

४ मार्च, सोमवार

म्हणे मी बोलायचं नाही! आजोबांच्या स्मरणसभेत काका बोलणार, नवीन पाळक बोलणार, गायनमंडळातली ती घोगऱ्या आवाजाची बाईसुद्धा दोन शब्द बोलणार — आणि मी, जिनं त्यांना शेवटी हातानं भरवलं, दाढी केली, कुशीवर वळवलं, ती पहिल्या बाकावर तोंड मिटून बसणार! काका म्हणाले, "अगं, तुला रडू कोसळेल." मला? दफनाच्या दिवशी नाक कुणाचं वाहत होतं? यांचंच. रुमाल मी दिला. मग म्हणाले, "तुझं बोलणं जरा सरळ असतं." असू दे की! सरळ बोलण्याची भीती कधीपासून वाटायला लागली यांना?

सभा चोवीसला, रविवारी. तोवर मला काहीतरी कळू नये असं यांना वाटतंय. काय, ते नाही माहीत. पण वाटतंय.

५ मार्च

लाँड्रीत चादरींचा डोंगर. हॉस्पिटलवाले म्हणतात उद्यापर्यंत हवं. हवं तर हवं. इस्त्रीनं मनगट भाजलं. झोपते.

७ मार्च, गुरुवार

आज औषधवाल्याची बायको आली. केक घेऊन. दहा वर्षांत माझ्या उंबऱ्यावर आली नव्हती. "कसे गं आपले आजोबा, देवमाणूस" वगैरे झालं, डोळे टिपून झाले, आणि मग हळूच — "शेवटी शेवटी काही बोलत होते का? म्हणजे... कुणाबद्दल?"

ताकाला जाऊन भांडं लपवायचं! काल निवृत्त हेडमास्तर आले होते तेही असंच. त्याआधी चपलांच्या दुकानवाला. मला वाटलं दुखवट्याला येतात. हे येतात आपापलं गाठोडं सुटलं का ते बघायला!

चर्चच्या मागच्या खोलीत बसून या सगळ्यांनी आयुष्यभर आजोबांना, आपल्या पाळकाला, आपलं आतलं सांगितलं. दोन खुर्च्या. एक भिंतीला लागून, आजोबांची — फौजी माणूस, दाराकडे पाठ करून कधी बसला नाही. दुसरी त्यांच्या डाव्या हाताला. तिथं लोक बसायचे, कुजबुजायचे, रडायचे, आजोबा मान कलती करून ऐकायचे. काय ती नम्रता, म्हणायचे लोक!

नम्रता कसली. लढाईत तोफेजवळ उभे असताना शेजारी गोळा फुटला, डावा कान तेव्हाच गेला. ठार. घरात आम्हाला माहीत. लहानपणी काही हवं असलं की मी उजवीकडून जायची, आणि काही फोडलं असलं की डावीकडून कबूल करायची. झालं माझं कबूल!

एकदा विचारलं होतं मी. लोकांना बहिऱ्या बाजूला का बसवता म्हणून. दाढी करत होते. मला कप्तान म्हणायचे. म्हणाले, "कप्तान, माणसाला सांगायचं असतं. कुणी ऐकावंच असं नसतं." मग वस्तरा पुसून म्हणाले, "आणि मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडाकडे बघायचं असतं ना."

औषधवाल्याच्या बायकोला यातलं काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, "बोलायचे हो, बरंच काही बोलायचे." केक चांगला होता.

१० मार्च, रविवार

नवीन पाळक भेटला. पोरगेला आहे, हसतो फार. मला म्हणे आठवणी सांगा, मी भाषणात घालीन. म्हणजे माझं सगळं याच्या तोंडून! विचारतो, "युद्धातला एखादा पराक्रम?"

मी म्हटलं, पराक्रमाचं ते बोलायचे नाहीत. एकच सांगायचे — तिकडे सोबत्यांना घाईघाईत पुरलं. वर गोळे पडतायत, खाली खणायचं, नाव घ्यायलाही वेळ नाही. म्हणून परत आल्यावर पाळक झाले आणि प्रत्येकाला सावकाश पुरलं. पावसात, उन्हात, नातेवाईक घड्याळ बघत असले तरी. "याला आता कुठे जायचंय घाईनं?" म्हणायचे.

आणि तुम्ही त्यांना पंधरा मिनिटांत उरकलंत, असंही म्हटलं. हसू गेलं त्याचं. बरं वाटलं.

१३ मार्च, बुधवार

काका येऊन गेले. खुर्चीच्या टोकावर बसले, कॉफी अर्धी टाकली. आणि काय विचारावं? "बाबांनी शेवटी तुला काही सांगितलं का?"

 बाकीचे विचारतात ते समजू शकते, त्यांना कानाचं माहीत नाही. काकांना तर माहीत आहे. त्यांना खुर्चीची भीती असायचं कारण नाही. मग कसली? खाई त्याला खवखवे.

"काय सांगायचं होतं त्यांना?" मी विचारलं.

"काही नाही, काही नाही." उठले आणि छत्री विसरून गेले.

१६ मार्च, शनिवार

काकूशी कडाक्याचं भांडण. काकांची छत्री द्यायला गेले होते मी. विषय निघाला सभेचा. मी म्हटलं, मी बोलणार, कोण अडवतं बघते, हात धरून खाली बसवा. तिचं डोकं फिरलं. "आईवर गेलीस अगदी! तीही अशीच उभी राहिली होती बाबांच्या खोलीत, मुलगी द्या, मुलगी द्या म्हणून!" आणि मग तोंडावर हात.



माझी आई वारली. मला हेच सांगितलंय सगळ्यांनी. बाप गोदीतल्या अपघातात गेला, मी चार वर्षांची, आणि दोन महिन्यांत आईही तापानं गेली, तिच्या माहेरी, लांब. कबर तिकडेच. कधी नेलं नाही मला. मी विचारायची तेव्हा आजोबा बूट पॉलिश करायला घ्यायचे. चकचकीत असले तरी.

मेलेली बाई मुलगी मागायला येते का?

१७ मार्च, रविवार

चर्चला गेले पण बाकावर बसले नाही. मागच्या खोलीत गेले. खुर्च्या जागच्या जागी. डावीकडच्या खुर्चीत बसले. भिंतीवर त्यांच्या डोक्याचा तेलकट डाग अजून आहे.

मी असं धरून चाललेय — आई इथे बसली. डावीकडे, सगळ्यांसारखी. रडली, मागितलं, आणि आजोबांना काही म्हणजे काही ऐकू गेलं नाही. काका-काकूंनी तिला बाहेरच्या बाहेर हाकललं आणि म्हाताऱ्याला सांगितलं, गेली बिचारी. त्यांनाही फसवलं, मलाही. काका असाच आहे. पोटात एक, ओठात एक.

असंच असणार. मला शाळेत नेऊन सोडणारे, मी पळून आले की न ओरडता परत नेणारे, शेवटी स्वतःच घरी अक्षरं शिकवणारे आजोबा — ते असं करणार नाहीत.

बाहेर गाणी चालू होती. मला एकही शब्द कळला नाही.

१९ मार्च, मंगळवार

काकूला लाँड्रीच्या दारातच गाठलं, बाजारातून येत होती. म्हटलं, इथे सांगतेस की सगळ्या बायकांसमोर विचारू? सांगितलं तिनं. पिशवी खाली ठेवून, भिंतीला टेकून.

आई वारली नव्हती. तिला दुसरं लग्न करायचं होतं. मला घेऊन जायचं होतं. मी म्हटलं, "पण आजोबांना ऐकूच गेलं नसेल. ती डावीकडे बसली असेल."

 काकू एकदम हळू आवाजात म्हणाली, "नाही गं. त्यांनी स्वतः उठून खुर्ची उचलली. उजवीकडे ठेवली. मी दारात होते. सगळं ऐकलं त्यांनी. तिचं संपेपर्यंत."

"आणि?"

"आणि म्हणाले, पोरगा गेला, आता पोरही नेतेस? नाही मिळणार."

आतून मशीनची घरघर येत होती. कुणीतरी मला हाक मारत होतं. काकू म्हणाली, "तुझ्यावर जीव होता गं त्यांचा."

मी म्हटलं, माहीत आहे मला. तोच तर त्रास आहे.

२० मार्च

त्यांचे बूट बाहेर काढून ठेवले. परत आत आणले. परत बाहेर.

२१ मार्च, गुरुवार

काकांच्या घरी गेले. बस म्हणाले, बसले नाही. म्हटलं, काकूनं सगळं सांगितलंय, मग ती नंतर कधी मेली आणि कुठे, तेवढं खरं सांगा. कबर तरी बघते.

काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. म्हणाले, "मेली नाही. दफनानंतर आठवड्यानं तिचा फोन आला होता. म्हातारी झालीय, आवाज कापतो. सभेला आले तर चालेल का, विचारत होती. तुला विचारून सांगतो म्हणालो. तीन वेळा आला फोन. अजून काही कळवलं नाही मी."

मला विचारून! म्हणून मी बोलायचं नाही — न जाणो, आजोबांनी मला सांगितलेलं असलं आणि मी ते भर सभेत काढलं तर! म्हणून "बाबांनी काही सांगितलं का".

दारातूनच सांगितलं त्यांना — शनिवारी संध्याकाळी पाचला मी इथे परत येते. तोवर तिला फोन करायचा, मी ये म्हणालेय असं सांगायचं, आणि ती काय म्हणाली ते मला तिच्याच शब्दांत ऐकवायचं. नाहीतर रविवारी तुम्ही बोलायला उभे राहिलात की मीही उभी राहणार, आणि माझी आई कुठे आहे, हे भर चर्चमध्ये विचारणार. शनिवार. पाच वाजता. हो की नाही?