मामावर गेलेला भाचा

तीर्थरूप मामांना,

तुमच्यासारख्याच दिसणाऱ्या, चालणाऱ्या आणि शिंकणाऱ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (हे वर्णन आईचं, माझं नव्हे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींना अजूनही ते नाटकच वाटतं का? इकडे सगळे मजेत. चष्म्याचं दुकान झकास चाललंय. मोबाइलच्या कृपेने लोकांचे डोळे बिघडताहेत, देव त्यांचं भलं करो आणि त्यातून माझंही.

मामा, आज जरा मनातलं लिहितो. माणूस पाळण्यात पडला रे पडला की लोक त्याची वाटणी करून टाकतात. नाक आजीचं, कपाळ काकांचं, कान कुठल्या तरी लांबच्या आत्याचे. बाळाचं स्वतःचं म्हणून उरतं ते फक्त रडणं. माझं तर तेही उरलं नाही, कारण मी तुमच्याच सुरात रडायचो म्हणे! घड्याळ उघडलं की मामावर गेलाय. परत बसवताना स्क्रू उरले, मग तर शंकाच नको. गणितात पहिला आलो तेव्हा शाबासकी तुम्हाला मिळाली, तेही एक वेळ सोसलं. पण इतिहासात गचकलो, तेव्हा मामाही याच विषयात गचकला होता, असं आई शेजारणीला कौतुकाने सांगत बसली. मार मी खाल्ला आणि माझं नापास होणंसुद्धा माझं नव्हतं!

तेव्हाच ठरवलं, आपण कुणासारखं व्हायचं नाही. तुम्ही पाठीमागे हात बांधून चालता, म्हणून मी पुढे बांधून चालू लागलो. डॉक्टरांनी रस्त्यात थांबवून पोट कधीपासून दुखतंय म्हणून विचारलं. तुम्ही गुळगुळीत दाढी करता, म्हणून मी मिशी वाढवली. आईने कपाटातून तुमचा तरुणपणीचा फोटो काढला आणि त्यात मिशीसकट मीच! तुम्ही दुकानदाराशी हुज्जत घालता, म्हणून मी गप्प राहायचं व्रत घेतलं, तर बूटवाल्याने दोन्ही बूट डाव्या पायाचे बांधून दिले. बदलून मागितले तर हुज्जत झाली असती. तेच घालून दुकानात जात राहिलो. शेवटी बायकोने पाहिलं आणि स्वतः जाऊन बूटवाल्याशी अशी कडाडून भांडली की आई भारावून म्हणाली, सूनही मामावरच गेली! (सून मामावर कशी जाईल, हे विचारायची आपल्या घरात सोय नाही.)

असो. खरी गोष्ट पुढे आहे. तुमच्या नातीला शाळेत घराचं चित्र काढायला सांगितलं. वर्गातल्या सगळ्या पोरांनी तेच घर काढलं, तिरकं छप्पर आणि दोन खिडक्या. आमच्या कार्टीने आख्खा कागद तपकिरी रंगवला आणि मधोमध एक कडी काढली. बाईंनी मला बोलावून घेतलं. हे काय म्हणून विचारलं, तर पोरगी शांतपणे म्हणाली, “दार आहे. मी घरात आहे ना, मग बाहेरून कसं दिसेल?” मामा, माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण सांभाळावं लागलं! बाई तक्रार करत होत्या आणि मी सत्कार झाल्यासारखा मान डोलावत होतो. वर्गाला एक घर दिसत असताना आपलं वेगळं घर पाहणारी पोर माझी आहे, माझी!

घरी चित्र भिंतीवर लावलं. आई म्हणाली, मामावर गेली. बायको म्हणाली, माझ्या बहिणीवर. समोरचा शिंपी कधी नव्हे तो चहाला आला होता, तो म्हणाला, आजोबांवर. मी बराच वेळ भिंतीजवळ उभा राहिलो, बापाचंही नाव कुणाला सुचतंय का बघत. नाही सुचलं. वाईट वाटलं, मामा. खूप वाईट वाटलं. अर्थात मी स्वतंत्र विचारांचा माणूस आहे. पोरीने कुणासारखंच असू नये, अगदी माझ्यासारखंही, असं माझं ठाम मत आहे.

मामींना नमस्कार. गुडघ्याची काळजी घ्या.

तुमचाच (हा शब्द सवयीने पडला),
भाचा

ता. क. पुढच्या महिन्यात नवा चष्मा करायला याल तेव्हा पोरगी चित्र दाखवेलच. तेव्हा आई आणि बायको दोघींच्या देखत, जरा मोठ्याने, ‘ही बापावर गेलीय’ एवढं म्हणा. आई तुमचा शब्द खाली पडू देत नाही. चष्मा माझ्याकडून. मामींचाही.

आणखी ता. क. पत्र लिहिताना पोरगी मांडीवर येऊन बसली. तू कुणासारखी गं, विचारलं. फणकाऱ्याने म्हणाली, “कुणासारखीच नाही!” मामा, लहानपणी मी हेच म्हणायचो, शब्दन् शब्द हेच! आनंदाने ओरडत आईकडे धावलो. ती भाजी निवडत होती. मानही वर न करता म्हणाली, तुझा मामाही हेच म्हणायचा.

हे खरं असलं, तरी नाही म्हणा.